खायचा मांजा

लढाई संपल्यावर माझा थोरला भाऊ इटलीहून रिठदला घरी आला, तेव्हा त्याच्या पोटावर वीतभर लांब वण होता आणि त्याचाच जुना सदरा त्याच्या अंगावर उसना आणल्यासारखा लोंबत होता. आई तो तिकडे असतानाच गेली होती. आम्ही त्याला पत्राने कळवलं नव्हतं. वडील म्हणाले होते, आल्यावर कळेलच. तसं ते त्याला कळलं, आणि त्यानंतर त्याने घरात कुणाला काही विचारलं नाही.

तो जेवत नव्हता. म्हणजे ताटावर बसायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, वरणात भिजत ठेवायचा आणि उठायचा. मी तेव्हा वाशीमला शाळामास्तर होतो. त्याला बैलांच्या दमणीत बसवून मी तिथल्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "जखम भरली आहे. आता ह्याला औषध नाही, मास्तर. खाईल तर जगेल." हे ऐकून मला चक्क हायसं वाटलं. अख्ख्या वर्गाला पाढे म्हणायला लावणारा माणूस मी, एका भावाला जेवायला लावणं मला काय जड होतं?

आमच्या घरात जेवताना बोलायची रीत नव्हती. वडिलांचा तो कडक नेम होता. ताटावर बसलं की मौन. आई तेवढी तो नेम मोडायची आणि वडील तिला काही म्हणत नसत. वहिनीला मात्र सासऱ्यासमोर नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. ती ताट ठेवून दाराआड जायची आणि भावाचा हात थांबला की तिथून बांगड्या वाजवायची. एवढंच तिचं बोलणं. भाऊ त्या आवाजाने मान वर करायचा, दाराकडे बघायचा, आणि मग हात धुवायला उठायचा. सगळं कसं आमच्या घरच्या शिस्तीत चाललं होतं.

एका दुपारी तो ओसरीवर झोपला असताना बडबडला, "मांजा, मांजा." वडील जवळच दोर वळत बसले होते. पुढच्या बाजारी ते केनवडला गेले आणि पतंगाच्या लाल मांजाचं एक रीळ घेऊन आले. संक्रांत महिन्यावर आली होती, आणि लहानपणी भाऊ पतंगापायी घराच्या धाब्यावरून पडून हात मोडून घेणाऱ्यांतला. वडिलांनी ते रीळ मुकाट्याने त्याच्या उशाशी ठेवलं. तीस वर्षांच्या पलटणीतल्या माणसाला पतंगाचा दोरा! भाऊ त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि हसला. आल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

"हा नाई, बाबा," तो म्हणाला. "खायाचा मांजा."

मग त्याने सांगितलं. एवढं सलग तो त्यानंतर कधी बोलला नाही.

"जखम भरत आली तवा दवाखान्यातून आमाले दुपारी हिंडू देत. मोठं शहर होतं. संगं आपल्या केनवडचा एक गडी होता. मोठ्या रस्त्यावरच्या हाटेलात गेलं तं मेजावर पांढऱ्या चादरी, अन् लोक आपल्याकडंच पाहून राह्यले. तिथं घास उतरे नाई. मंग आमी मांगच्या गल्ल्यायनी घुसलो. एका घरात चार बाकडे मांडेल होते. पाटी नाई, काई नाई. एक बुढी होती, काळ्या कपड्यातली. तिनं थाटी समोर ठेवली. शेवयावानी लांब लांब दोऱ्या, अन् वरून भेदराचा लाल रस्सा. अन् म्हणे, मांजा, मांजा. मी म्हटलं, बराबर हाय. मांजाच दिसते हा."

टोमॅटोला आमच्याकडे भेदरं म्हणतात. लाल रश्श्यात माखलेल्या दोऱ्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या आणि मलाही ते नाव अगदी चपखल वाटलं.

"रोज तेच खायचास?" मी विचारलं.

"नाई. कवा वालाचं कालवण राहे, कवा नुसते आलू. पन थे सगळ्यालेच मांजा म्हणे."

ह्यावर त्या लोकांकडे शब्दांचा तुटवडा असावा, असा निष्कर्ष मी मास्तर या नात्याने काढला.

त्या संध्याकाळी वहिनीने मला दाराआडून विचारलं, "भाऊजी, उन्हाळ्यातल्या शेवया हायेत. मी करून पाहू काय?" मी म्हणालो, तुला नाही जमणार, हे खानावळीचं काम आहे. तिने शेवयांचा डबा माझ्या हातात दिला आणि आत गेली. मला ते वाक्य आजही परत घेता येत नाही.

मी भावाला वाशीमला माझ्या खोलीवर आणून ठेवलं. बालाजीच्या देवळामागच्या पेठेत माझी खोली होती आणि चार वर्षं मी खानावळींतच जेवत होतो, त्यामुळे ह्या विषयातला आपण जाणकार, अशी माझी समजूत होती. रोज शाळा सुटली की आम्ही निघायचो. पण पसंत करायचं काम भावाकडे होतं आणि त्याचे नियम त्या परदेशातल्या गल्लीत ठरलेले होते. स्टेशनच्या रस्त्यावर एक चांगली खानावळ होती, पितळी भांडी लखलखीत. भाऊ पायरीही चढला नाही. "पाटी हाय," तो म्हणाला. "पुढं चाल." पेठेतल्या दुसऱ्या एका ठिकाणी मालकाने दारातच जात विचारली आणि ती ऐकून आम्हाला कुठे बसवायचं ते ठरवलं. भाऊ मांडलेल्या पाटावरून उठला. "बुढीनं मले देशबी नव्हता इचारला," तो रस्त्यात म्हणाला.

तिसरीकडे मी सरळ विचारलं, तुमच्याकडे मांजा करून मिळेल का. मालकाने आधी मला नीट पाहून घेतलं. "गुरुजी, संक्रांतीचं दुकान त्या अंगाले हाय." पंगत खो खो हसली. कोपऱ्यातला एक जण ओरडला, "याइले जेवून उडाचं हाय काय?" मी संतापाने लाल झालो आणि मास्तरकीच्या थाटात त्यांना इटली देश, तिथलं खाणं असं समजावून सांगू लागलो, तर ते आणखीच हसले. आठवड्याच्या आत पेठेत माझं नाव मांजामास्तर पडलं. भाऊ मात्र त्या गोंधळात पानावर हात धरून वाढप्याच्या तोंडाकडे बघत बसला होता. हे त्याचं सगळीकडेच चालायचं. ताट समोर आलं की आधी वाढणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं, थोडं थांबायचं, आणि मग घास चिवडत बसायचं. मला त्याची चीड येऊ लागली होती.

शेवटी तळ्याकडच्या एका बोळात गाडीवानांना भाकऱ्या घालणारी एक म्हातारी सापडली. दाराला पाटी नव्हती, आत तीन पाट आणि एक चूल. भाऊ उंबऱ्याशी थबकला. "हे," तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जिंकलो.

मी वहिनीचा डबा म्हातारीच्या हवाली केला. शेवया उकडायच्या, पाणी निथळायचं, वरून भेदरं, लसूण आणि तेल. "मिठाच्या शेवया?" तिने कपाळाला हात लावला. "कुठं ऐकलं बाप्पा असं!" शेवया म्हणजे दूध आणि गूळ, पाहुणे आणि सण. पण हसत हसत तिने केल्या. लाल, लांब, वाफाळत्या. ताट भावासमोर ठेवलं आणि ती चुलीकडे वळली, कारण बाहेर गाडीवान खोळंबले होते आणि तव्यावर भाकरी होती.

भावाने हात ताटावर धरला आणि तो म्हाताऱ्या बाईच्या पाठीकडे पाहत राहिला. शेवयांची वाफ विरली. तो पाहतच होता.

"दादा," मी खेकसलो, "तिच्या पाठीवर काय लिहिलंय? ताटाकडे पाहा!"

"हो," तो म्हणाला, आणि त्याने आज्ञाधारकपणे खाली पाहिलं. चार घास त्याने खाल्ले. खाल्ले म्हणजे गिळले.

"तेच आहे ना?"

"दिसाले तेच हाय." त्याने हात आखडला. "पन हा मांजा नाई."

मग माझा तोल सुटला. गहू बघायला मिळत नाही अशा दिवसांत घरच्या बाईने जपून ठेवलेल्या शेवया, आणि ह्याचे हे नखरे! तिकडून साहेब होऊन आलास का? असं आणि ह्याहून वाईट मी त्या गाडीवानांसमोर बोललो. म्हातारी उलथनं हातात धरून बघत राहिली. भाऊ उठला, त्याने चूळ भरली. बोळातून बाहेर आल्यावर तो म्हणाला, "कायले चिडतं बाबू? मलेबी समजून नाई राह्यलं." त्याचा आवाज इतका शांत होता की माझा राग आणखीच वाढला. वाटभर मी त्याच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तो रिठदला परत गेला. पुढे त्याच्या पोटात पेजसुद्धा ठरेना. संक्रांत आली, गावात पतंग उडाले. वडिलांनी आणलेलं रीळ त्याच्या उशाशी तसंच होतं, कुणी ते उचललं नाही. त्यानंतर दहाव्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले होते त्यात काही चूक नव्हती.

महिन्याभराने केनवडचा तो गडी आमच्याकडे आला. तो लढाईवरून नुकताच परतला होता, म्हणून त्याला बातमी उशिरा लागली होती. तो पलटणीत स्वयंपाकखात्याला होता, तिकडच्या बाजारात जा-ये करून त्याने त्यांची भाषाही थोडी उचलली होती. सांजवेळी वहिनीने पाट मांडले, ताटं ठेवली आणि ती नेहमीसारखी दाराआड गेली. वडील अजून बसायचे होते, तेवढ्यात मी विचारून घेतलं. इतके दिवस ते कोडं मला खात होतं.

"तो मांजा तिकडे करतात तरी कशाचा?"

"मांजा?" तो गोंधळला. "मांजा करत नाईत, गुरुजी. मांजा म्हंजे जेव. थे बुढी त्याले म्हणे, जेव, जेव. तिचा लेक लढाईत गेलता. याच्यासमोर थाटी ठेवे अन् याचं पोट भरस्तोवर थे बाजूले उभी राहे. 'मांजा, मांजा.' आपली माय म्हंते तसं." मग माझं तोंड पाहून तो चाचरला. "त्याले मालूम नव्हतं काय?"

सात खानावळी मी पालथ्या घातल्या होत्या. ताटाकडे पाहा म्हणालो, तेच आहे ना म्हणालो, नखरे म्हणालो. तो शब्द एवढा मी म्हणालो नव्हतो. दाराआडून काही वाजलं नाही. वाजायला आता तिच्या हातात बांगड्या नव्हत्या.

वडील पाटावर बसले. आम्हीही बसलो. नेमाप्रमाणे मौन झालं. पाहुणा संकोचून ताटावर हात धरून थांबला होता, यजमानाच्या तोंडाकडे पाहत. वडिलांनी खाली बघूनच, उभ्या जन्मात पहिल्यांदा ताटावर तोंड उघडलं.

"जेव," ते म्हणाले. "जेव, बापा."

आणि तो जेवला. त्याने दोन भाकरी खाल्ल्या, वरण मागून घेतलं. मला त्या भल्या माणसाचा इतका राग आला की मी भरल्या ताटावरून उठलो.