क्रमशः साहेबांसाठी टॉवेल-टोपी

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा बुवा. मागं एकाला हे सांगितलं तर त्याच्या नाकातून चहा आला. असला गाढवपणा माझ्या हातून झालाय!

मी आखाडा बाळापूरला सायकलींचे पंक्चर काढतो. शिक्षण तिसरी. शाळा मी सोडली की शाळेनं मला सोडलं, यावर मास्तरांचं अन् माझं अजून एकमत झालेलं नाही. वाचता येतं, पण अक्षराला अक्षर लावून. जोडाक्षर आलं की चाक खड्ड्यात गेलंच म्हणून समजा.

वाचायची ती आक्का. माझी थोरली बहीण. सातवी पास! दिवसभर शिवणयंत्र चालवायची अन् दिवेलागणीला मासिक उघडायची. शाळेतल्या बाई मागवायच्या ते मासिक. त्यांचं वाचून झालं की आमच्या घरी यायचं. आक्का मोठ्यानं वाचायची, मी ऐकायचो. माय चुलीपुढं भाकरी थापायची. ती काही ऐकत नव्हती, म्हणजे आम्हाला तरी तसं वाटायचं.

त्यात दर महिन्याला एका कादंबरीचा एक भाग यायचा. अन् काय कादंबरी म्हणता! देवगिरीच्या राजाची राजमुद्रा प्रधानाच्या पहाऱ्यातून चोरीला गेलेली. ती शोधायला कोण? तर कनकावती, राजवैद्याची लेक. तिला एक विद्या यायची. कोणतीही वस्तू दिव्याजवळ धरली की ती शेवटी कोणाच्या हातात होती, ते तिला ज्योतीत दिसायचं. पण फुकट नाही हो! ज्योतीत एकदा पाहिलं की तिच्या आठवणीतलं एक माणूस पुसलं जायचं. दाई पुसली गेली. मावशी पुसली गेली. माणूस समोर उभं, अन् ही विचारते, आपण कोण?

तिच्या जोडीला सोमदेव, राजाचा हेर. दोघांचा एकमेकांवर जीव, पण बोलतील तर शपथ! अकरा महिने झाले, अकरा भाग झाले, गड्यानं तिचा हात धरला नाही. एकदा तिचा पदर बाभळीच्या काट्यात अडकला, तो त्यानं सोडवला. नुसता सोडवला! त्यावर दीड पान. अन् ते दीड पान आक्कानं तीनदा वाचलं.

मी ओरडायचो, "अरे धर की लेका हात! बैल दावणीला बांधायला बी इतका येळ लागत न्हाई!"

"गप रे सुद्या," आक्का म्हणायची. "त्यातच तर मजा हाय."

आता तिच्यापुढं कबूल केलं नाही कधी, पण होतीच मजा. लिहिणाऱ्याच्या हातातच जादू होती. त्यानं भुयारातली मशाल विझवली की मी आमचा कंदील जागेवर आहे का ते बघायचो. अन् ऐन रंगात आलं की आक्का मासिक मिटायची अन् म्हणायची, "क्रमशः!"

एकदा विचारलं, "हे क्रमशः कोण हाय गं?"

तिच्या तोंडावरची माशी हलली नाही. म्हणाली, "लेखक. दुसरं कोण? लई नावाजलेला माणूस हाय. भाग लिहून झाला की खाली सही करतो."

मला पटलं. का पटू नये? चिठ्ठीच्या खाली सही नसते का?

उन्हाळ्यात बाईंची बदली झाली अन् मासिक यायचं थांबलं. अकराव्या भागाच्या तळाला लिहिलं होतं, पुढच्या अंकात शेवट. त्याच महिन्यात आक्काला कावीळ झाली. पडल्या पडल्या रोज म्हणायची, "सुद्या, हिंगोलीच्या वाचनालयात भेटन रे तो अंक. शेवटी हात धरला का न्हाई, तेवढं बघून ये."

मी म्हणायचो, "उद्या जातो."

त्या महिन्यात कबड्डीचे सामने बघायला मी दोनदा हिंगोलीला गेलो. वाचनालयात गेलो नाही. आक्का गेली.

असू द्या. प्या चहा.

माय बोलायची थांबली. भाकरी थापायची, मला वाढायची, स्वतः दोन घास खाल्ल्यासारखे करायची. वीस दिवस असं चाललं. एका रविवारी सकाळी मी दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतो, अन् काय झालं कोण जाणे, ट्यूब तशीच टाकून उठलो. म्हटलं, शेवट आज कळलाच पाहिजे! अन् अंक कशाला? खुद्द क्रमशः साहेबांनाच गाठू. आक्काचं सांगू, हात जोडू, तोंडानंच ऐकू. वाचनालयात पत्ता मिळेलच की!

पण एवढ्या मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं? टॉवेल, टोपी अन् नारळ घेतला.

एसटीत कंडक्टरनं बघितलं. "कुठं निघाला? सोयरीक जमून राहिली का?"

"न्हाई. क्रमशः साहेबाला भेटून येतो."

"कोण, तहसीलीतले?"

"लेखक हायती."

"हां, ते!" कंडक्टरनं मान डोलावली. "वळखतो ना. येतात आपल्याच गाडीत. मागच्या सीटवर बसतात. लई साधा माणूस."

आता सांगा, प्रत्यक्ष कंडक्टर ओळखतो म्हटल्यावर शंका कुठून येणार?

वाचनालयात लांबलचक टेबल, त्यावर मासिकं पसरलेली, पाच-सहा माणसं वाचत बसलेली. कोपऱ्यात चष्मेवाले ग्रंथपाल. मी बसलो अन् समोरचं मासिक उघडलं. गोष्टीच्या खाली क्रमशः! छाती भरून आली. दुसरं उघडलं. टमाट्याची लागवड, तिच्या खाली क्रमशः. तिसऱ्यात स्वेटरची वीण. खाली बघतो तर, क्रमशः!

माझ्यानं राहवलं नाही. उठून उभाच राहिलो. "आरं बापरे! ह्यो माणूस स्वेटर बी विणतो?"

सगळ्या माना वर. बाजूला एक काळ्या टोपीवाले आजोबा होते. म्हणाले, "कोण विणतो रे?"

"क्रमशः साहेब! जादू म्हणू नका, खून म्हणू नका, पिरेम म्हणू नका, टमाटे म्हणू नका. एका माणसानं काहीच सोडलं न्हाई! अन् तुमी मुकाट वाचून राहिले? हिंगोलीत त्यांचा सत्कार काहून झाला न्हाई अजून?" असं म्हणून मी टॉवेल, टोपी अन् नारळ टेबलावर मांडला.

आजोबा गंभीरपणे म्हणाले, "ठरवला होता की सत्कार. पण ते येतच न्हाईत. दर बारीला निरोप, पुढच्या महिन्यात येतो."

"कामाचा माणूस हाय," मी म्हणालो. "येळ कुठून भेटंन?"

झालं! सगळं टेबल हसून फुटलं. एक जण खुर्चीवरून घसरला. एकाचा चष्मा पडला, तो हसता हसता त्याच्याच पायाखाली गेला. ग्रंथपाल उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् हळूच म्हणाले, "बाळ, क्रमशः म्हणजे माणूस नाही. गोष्ट संपली नाही, पुढं चालू राहील, असा त्याचा अर्थ."

"म्हंजी... सही न्हाई?"

"नाही रे."

कान तापले हो! अकरा महिने! अकरा महिने ही बाई मला बनवत होती अन् मिटल्या ओठांत हसत होती. मनात आलं, थांब, घरी जाऊन हिला बघतोच.

अन् मग आठवलं.

टॉवेल कामाला आला. तोंड झाकायला.

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. ग्रंथपालांनी विचारलं, मी सांगितलं. आक्का, कावीळ, कबड्डी, सगळं. ते आत गेले अन् जुन्या गठ्ठ्यातून तो अंक काढून आणला. म्हणाले, "वाचून दाखवू?"

"न्हाई," मी म्हणालो. "मी वाचतो."

अन् बसलो वाचायला. मोठ्यानं. मला मनात वाचता येत नाही, ओठ हलल्याशिवाय अक्षर पुढं सरकत नाही. "क-न-का-व-ती-नं दि-वा..." असं. पण बरं का, लिहिणाऱ्याची कमाल बघा! माझ्यासारख्या अडखळणाऱ्याच्या तोंडून सुद्धा ती गोष्ट माणसं ऐकत राहिली. मघाशी हसणारे खुर्च्या ओढून जवळ आले. जोडाक्षरावर अडलो की आजोबा हळूच सोडवून द्यायचे. पुढचा शब्द मात्र कोणी सांगायचं नाही. जेवायची वेळ टळली, कोणी उठलं नाही.

मुद्रेची रिकामी पेटी कनकावतीनं दिव्याजवळ धरली. चोर कोण ते तिला दिसलं. अन् त्याच क्षणी सोमदेव तिच्या आठवणीतून पुसला गेला! तो समोर उभा. ती विचारते, आपण कोण? त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं तो हातात घेतला अन् म्हणाली, "नाव आठवत नाही. पण हा हात माझ्या ओळखीचा आहे."

मी ताडकन उठलो. "धरला! आक्का, धरला गं हात!"

वाचनालयात ओरडू नये, अशी पाटी असते म्हणतात. असेल. मी मासिक टेबलावर टाकलं अन् एसटी स्टँडकडं पळत सुटलो. मागून सगळे ओरडत होते, हात करत होते. मला वाटलं, शाबासकी देताहेत. मी पण पळता पळता हात हलवला.

दिवेलागणीला घरी आलो. माय चुलीपुढं. म्हटलं, "माये, आक्काच्या कनकावतीचा शेवट कळला. सोमदेवानं हात धरला!"

माय भाकरी थापत राहिली. मग वीस दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडून बोलली, "ते व्हय, धरणारच व्हता. पण मुद्रा कोनं चोरली?"

मी उभा तसाच उभा. मुद्रा! ते ओरडणारे लोक शाबासकी देत नव्हते हो! 'पान राहिलं, पान राहिलं' म्हणत होते!

"माये," मी म्हणालो, "ते तर वाचलंच न्हाई."

मायनं माझ्याकडं बघितलं. आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं रडती. मग बघतो तर हसत होती! पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी काढत. त्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली अन् म्हणाली, "मला तर त्या परधानाचाच सौंशय हाय. उद्या पयल्या गाडीनं जा अन् बघून ये. अन् पुरं वाचल्याबिगर उठू नगंस."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं हिंगोलीला गेलो. वाचनालयाचं दार बंद. वर मोठी थोरली पाटी. मी ती भररस्त्यात खड्या आवाजात वाचली, जोडाक्षरावर सुद्धा न अडखळता: 'सोमवारी सुट्टी.'