शेजारच्या पेशीचा निरोप

जगात जे काही बिघडतं ते शेजाऱ्याचं न ऐकल्यामुळेच बिघडतं, असं मानणारा एक माणूस सिडकोतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. उभा जन्म कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या इमारतीचा वर्ग केला. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचे कान, त्यांनी शेजारणीचा निरोप ऐकला की मग पेशी ठरवते आपण काय व्हायचं, एवढं ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणाचा जिना चढून होत नाही. हा निरोप अंगाला अंग लागल्याशिवाय पोचत नाही यावर सरांची इतकी श्रद्धा, की ते फोनला हातच लावत नाहीत. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं की ग्रुपवर एक ओळ टाकायची सोडून सर दारं वाजवत, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून "पाणी आलं बरं का" असं सांगत खाली उतरतात. मी तळमजल्यावर. माझ्यापर्यंत येईस्तोवर पाणी गेलेलं असतं. मी चिडलो की म्हणतात, "निरोप तर पोचला ना?"

माझ्या नातीच्या बारशाला त्यांनी घुगऱ्यांचं ताट पुढे ओढलं आणि हरभरे ओळीनं मांडले. "या सगळ्या पेशी सारख्याच. त्यातली एक जरा आधी म्हणते, मी मेंदू होणार. शेजारणी ते ऐकतात आणि कातडी होतात. कुणीच ऐकलं नाही तर सगळ्याच मेंदू होतील, अंगावर कातडी येणार नाही आणि जीव जगणार नाही." पाहुणे रिकाम्या वाट्या घेऊन ताटकळले होते.

गेल्या उन्हाळ्यात ते मला लासूर स्टेशनजवळच्या त्यांच्या गावी घेऊन गेले. तिथे त्यांचा जुळा भाऊ शेती करतो. गाडीत सर एकदम म्हणाले, "दोघंही सारखेच हुशार होतो. शहरात शिकायला एकालाच पाठवणं घरच्यांना जमणार होतं. मी आधी म्हणालो, मी जाणार. तो गप्प बसला. त्याच्या मनात राग आहे का, हे मी जन्मात विचारलं नाही. आज विचारणार."

पण कसलं काय! कांदा साठवायच्या चाळीत बसल्याबरोबर सरांनी ओळीनं कांदे मांडले आणि पेशींचा धडा सुरू केला. मी कपाळाला हात लावला. भाऊ कांद्याच्या पाती कापत सगळं नीट ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "मंग ती कातडी झालेली पेशी रुसली व्हय रं, बाळ्या?"

सरांनी ओळीतला एक कांदा उचलून हातात घेतला. मग ते हळूच म्हणाले, "पुस्तकात नाय ते. तूच सांग."

"मला कुठं गोडी व्हती शाळंची?" भाऊ हसला. "आन् तू हितं राह्यला असता तर कांदा लई वंगाळ पिकला असता." मग त्यानं आम्हाला आग्रहानं जेवायला वाढलं आणि स्टेशनपर्यंत सोडायला आला.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "सर, सुटलात की! त्यांना शाळेची गोडीच नव्हती."

सर खिडकीबाहेर बघत होते.

"खोटं बोलतो तो," ते म्हणाले. "माझी गणितं तोच सोडवून द्यायचा."