पोळ्याच्या दुपारी साहेब तपासणीला आले

भुताखेताचं बोलणाऱ्याला मी तोंडावर ‘चल, कामाला लाग’ म्हणणारी बाई. मेसमध्ये पोरांच्या तोंडून असल्या गोष्टी ढीगभर ऐकल्या, एकीवरही विश्वास बसला नाही. आताही माझा काही दावा नाही... जे झालं तेवढं लिहिते.

आदिलाबादजवळ विद्यापीठाच्या आवारात मी मुलांचं वसतिगृह लीजवर चालवते. आधी आमचे हे चालवायचे; ते गेल्यावर मी एकटी. मूलबाळ नाही. स्वयंपाकघरामागची खोली हेच घर. राज्य वेगळं झालं, मग जिल्ह्याचेही तुकडे झाले, वेगळ्या झालेल्या निर्मल जिल्ह्याकडची पोरं येईनाशी झाली. त्यातच लीजची मुद्दत संपली. रिन्यूची दरखास्त दिली तर ऑफिसातून कळलं — साहेब पाहायला येतील, मुलं दिसली तर मंजूर, नाहीतर जागा सोडा. सोडून जाऊ कुठं?

आणि साहेब आले ते नेमके पोळ्याला! हैदराबादकडचे तेलुगू माणूस, त्यांना पोळा काय ठाऊक. इकडं कॉलेज चालू असलं तरी पोरं बैल धुवायला गावी पळतात. आमच्या मेसची रीत अशी, की गावी जाणारा आपलं ताट पालथं घालून जातो. त्या दुपारी सगळी ताटं पालथी होती.

आता संपलं सगळं, असं समजून मी पाणी आणायला आत गेले. रडूच येत होतं. परत आले तर साहेब मेसच्या ओढलेल्या दारापाशी उभे, हसत. मला म्हणाले, “अम्मा, बच्चे खाना खा रहे हैं, मैं अंदर नहीं जाता. ये ‘मावशी, आनखी येक दे ना’ क्या होता है? सब वही बोल रहे हैं.”

भाकर मागताना माझी पोरं असंच म्हणतात. मीही कान दिला... नुसता पंख्याचा आवाज. साहेब गेल्यावर दार ढकललं. रिकामे बाक, पालथी ताटं, दुसरं काही नाही.

लीज मंजूर झाली. पोरं परतल्यावर त्यांना सांगितलं, तर एक जण म्हणाला, “मावशी, तू एकटी राहून राहून असं बोलून राह्यली.” असेल बाबा. पण मराठीचं अक्षर न येणाऱ्या साहेबांना ते वाक्य सांगितलं कोणी?

भीती नाही वाटत मला. राग येतो. सुट्टीत सगळे गेले की मी त्या दाराशी जाऊन उभी राहते, पंखा बंद करून. काहीच नसतं. त्या परक्या माणसाला ऐकू आलं... मग मलाच काऊन नाही?