मागच्या ओळीचा उजेड

वसुधाताई पाटणकरांना बावन्नाव्या वर्षी कॅमेऱ्याचं वेड लागलं, असं आमच्या टाउनशिपमधल्या बायका अजून सांगतात. वेड कसलं डोंबलाचं! राग आला होता बाईला. त्यांच्या खालच्या क्वार्टरमध्ये मी वीस वर्षं काढली आहेत, मला विचारा.

त्यांचे यजमान विश्वासराव कारखान्यात वेल्डिंग शॉपला. साताऱ्याहून बासष्ट साली भोपाळला आले ते इथलेच झाले. कारखान्यात दर सप्टेंबरात विश्वकर्मापूजा असते. त्या एका दिवशी घरच्या माणसांना आत सोडतात, आणि प्रसाद झाला की प्रत्येक शॉपचा, म्हणजे खात्याचा, ग्रुप फोटो. पुढे खुर्च्यांवर साहेब लोक, मागे पोर्चच्या पायऱ्यांवर कामगार. भर बाराचं ऊन. पुढची ओळ लखलखीत, आणि पोर्चच्या सावलीतली माणसं काळी ठिक्कर. असे सव्वीस फोटो पाटणकरांच्या पेटीत होते. मी एकदा विचारलं, "भाऊजी, यात तुम्ही कुठले?" त्यांनी एका काळ्या डागावर बोट ठेवलं. "हा मी." म्हटलं, कशावरून? तर म्हणे, "मी डावीकडून चौथा उभा राहतो ना, दरवर्षी."

मला हसू आवरेना. वसुधाताईंना मात्र हसू आलं नाही. "सव्वीस वर्षं हा माणूस तिथे तोंड भाजून घेतोय, आणि त्याचं तोंड एकदाही फोटोत येऊ नये?" भाऊजी पुढच्या जानेवारीत, म्हणजे एकोणनव्वद साली, रिटायर होणार होते. हातात उरली होती एकच पूजा.

लगेच त्यांनी क्लबातल्या फोटोग्राफीच्या क्लासात नाव घातलं. शिकवणारे सक्सेनाजी, म्हणजे कारखान्याचे फोटोग्राफर. ग्रुप फोटोही तेच काढायचे. क्लासात सगळी कॉलेजची मुलं, आणि त्यांच्यात ह्या, वही-पेन घेऊन पहिल्या बाकावर. सक्सेनाजी पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाभीजी, आप तो फूल-वूल की फोटो लीजिए।" घरी येऊन ताईंनी जो तोंडाचा पट्टा सोडलाय त्यांच्यावर, विचारू नका!

क्लबचा कॅमेरा आठवड्यातून दोन दिवस घरी मिळायचा, रिकामा. रोल नसलेला कॅमेरा घेऊन ही बाई घरभर खटक, खटक करत फिरायची. शटर समजलं लवकर. अ‍ॅपर्चरशी मात्र, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाशी, भांडण. "आकडा मोठा तर भोक लहान! हा कुठला न्याय गं सरोज?" मी म्हटलं, मला काय विचारता, मी काय भोकं पाडली? मग त्यांनी खडूने स्वयंपाकघराच्या दारावर सगळे आकडे लिहिले आणि पोळ्या लाटता लाटता पाढ्यांसारखे पाठ केले. चौकट शिकायची म्हणून खिडकीला दोन उभे, दोन आडवे दोरे बांधले आणि त्या नऊ खणांतून रस्त्यावरची माणसं बघत बसायच्या. भाजीवाला मधल्या खणात आला की ओरडायच्या, "जरा डावीकडे सरक रे!" तो बिचारा गाडीसकट सरकायचा.

पहिला रोल धुऊन आला तेव्हा मात्र रडकुंडीला आल्या होत्या. मी पापड वाळत घालतानाचा फोटो होता. पापड अगदी स्पष्ट, आणि मी? भूत! शटर आठवर, म्हणजे फारच सावकाश, राहिलं होतं, मी हलले. मी म्हटलं, "ताई, सोडा आता." झालं, माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

जुलैत एक दिवस धावतच जिना उतरून आल्या. "सरोज, तोंडं काळी का येतात ते कळलं!" कॅमेऱ्यातली उजेड मोजायची सुई पांढऱ्या कपड्याला भुलते. पुढे साहेबांचे पांढरे शर्ट, सुई त्यांचाच उजेड धरते, आणि मागचे जातात अंधारात. उपाय सोपा. सावलीत आपला तळहात धरायचा, त्याचा उजेड मोजायचा आणि त्यावर आकडे लावायचे. "म्हणजे इतकी वर्षं फक्त दोन चकत्या फिरवायच्या होत्या गं," त्या म्हणाल्या आणि माझ्या पलंगावर मटकन बसल्या. डोळे भरून आले होते.

त्यांनी सक्सेनाजींना सरळ विचारलं. सक्सेनाजींनी कॅमेरा उलटा करून दाखवला. पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर शटरचा आणि भोकाचा आकडा लिहिलेला: १२५–११. कधीतरी एक मोठे साहेब फोटोत पांढरेफटक आले होते, तेव्हापासून हेच सेटिंग, सगळ्या शॉपना, दरवर्षी. ताई म्हणाल्या, मग खुर्च्या मागे घ्या, सगळेच सावलीत येतील. तर उत्तर मिळालं, खुर्च्यांची जागा ठरलेली आहे, जमिनीवर चुन्याच्या खुणा आहेत. आता बोला! माणसांपेक्षा चुना मोठा.

पूजेच्या दिवशी शॉप अठरा आणि सक्सेनाजी एक. म्हणून दरवर्षी दोन-तीन शॉप क्लासच्या मुलांना द्यायचे. ताईंनी वेल्डिंग शॉप मागून घेतलं. "भाभीजी, सेटिंग को हाथ मत लगाना। बस बटन दबाना," असं तीन वेळा बजावून ते पुढच्या शॉपला गेले.

मी पिशवी धरून शेजारीच उभी होते. साहेब बसले, कामगार पायऱ्यांवर चढले. माझे यजमान सुभाषराव त्याच शॉपचे, तेही मागे. भाऊजी डावीकडून चौथे. ताई स्टुलावर चढायचं सोडून तरातरा चालत पोर्चमध्ये गेल्या, भाऊजींच्या तोंडाजवळ तळहात धरला आणि कॅमेऱ्यातून बघितलं. सगळे बघतच राहिले. भाऊजी पुटपुटले, "अगं, काय करतेस? साहेब बसलेत." त्या म्हणाल्या, "बसू देत. तुम्ही हलू नका." परत आल्या, स्टुलावर चढल्या आणि दोन्ही चकत्या फिरवल्या. साठ, आणि पाच पॉइंट सहा, म्हणजे कितीतरी जास्त उजेड. मी खालून कुजबुजले, "अहो ताई, एक तसा घ्या, एक असा घ्या. तीन काढायचेत ना?" त्यांनी खाली न बघताच उत्तर दिलं, "दोन्ही काढले तर साहेब लोक कँटीनपाशी कुठला लावतील, सांग." तिन्ही फोटो त्यांनी आपल्याच आकड्यांवर काढले.

चार दिवसांनी गेटबाहेरच्या कँटीनपाशी काचेच्या पेटीत सगळे फोटो लागले. वेल्डिंग शॉपच्या फोटोपुढे ही गर्दी! पुढची ओळ पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. मॅनेजरसाहेबांचा चष्मा होता, नाक नव्हतं. आणि मागे माणसं! कोणाचे पिकलेले कल्ले, कोणाचा तुटका दात, कोणाच्या गालावरचा भाजल्याचा डाग. आमच्या ह्यांचं पोट, जे त्यांना वाटत होतं कोणाला दिसत नाही. भाऊजी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत तिथेच उभे होते म्हणे, डबा न उघडता.

संध्याकाळपर्यंत फोटो उतरवला. ताईंचं नाव क्लासातून काढलं. येत्या बुधवारी बारा वाजता फोटो पुन्हा काढणार, स्वतः सक्सेनाजी काढणार, अशी नोटीस लागली. त्या रात्री ताई पहिल्यांदा घाबरलेल्या दिसल्या. स्वतःसाठी नाही हो. "रिटायरमेंटला चार महिने राहिलेत, यांना काही बोलले तर?" भाऊजी जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "भात वाढ." मला वाटलं, झालं, हा माणूस बुधवारी जाऊन निमूट उभा राहणार. ताईंनाही तेच वाटलं असणार, कारण भात मागितला तर त्यांनी आमटी वाढली.

बुधवारचं मला सुभाषरावांनी सांगितलं. बारा वाजता खुर्च्या भरल्या. सक्सेनाजी स्टुलावर चढले. मागच्या पायऱ्या रिकाम्या. भोंगा झाला, बोलावणं गेलं, माणूस पाठवला, कोणी येईना. शेवटी मॅनेजरसाहेब स्वतः उठून शॉपमध्ये आले आणि नेमके भाऊजींनाच म्हणाले, "पाटणकर, तुम्हारा तो आखिरी साल है। कम से कम तुम तो आओ।"

भाऊजींनी तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर सारला. सव्वीस वर्षांत साहेबापुढे "जी" सोडून दुसरा शब्द काढला नव्हता त्या माणसाने.

"मेरी घरवाली ने जो खींची है न साहब," ते म्हणाले, "उसमें मैं हूँ।"

आणि मुखवटा तोंडावर ओढून पुन्हा कामाला लागले.