देवीनंतरचं दुसरं पान

बेंगळूरच्या चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात कृष्णाजी जाधव विक्रीला बसे. परगावची माणसं साड्या बघून दमली की त्यालाच विचारत, "अण्णा, आता जेवायचं कुठं?" कृष्णाजी हातातला पदर खाली ठेवी आणि आधी माणूस न्याहाळी. दात पडलेल्यांना मऊ भात मिळेल तिकडं, लेकरंवाल्यांना इडलीच्या हॉटेलात, आणि बेळगाव-धारवाडकडच्यांना थेट देवाप्पाच्या खाणावळीत. तो मुलूख बेंगळूरच्या राज्याला जोडल्यापासून तिकडची माणसं कचेरीच्या कामांना बेंगळूरला येत आणि दोन दिवसांत भाताला कंटाळून भाकरीसाठी जीव टाकत. बसवण्याआधी जात विचारणाऱ्या हॉटेलाचं नाव मात्र कृष्णाजीच्या तोंडून कधी निघालं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणे, "तिथं जेवण बरं असतं, माणसं बरी नसतात."

देवाप्पा सौंदत्तीकडचा. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आणि आल्यागेल्या सगळ्यांना एकच बाक. त्याचा नेम कडक होता. चुलीवरचं कुणी चाखायचं नाही. पहिलं पान यल्लम्माच्या तसबिरीपुढं, मग गिऱ्हाईक, आणि शेवटचा माणूस उठल्यावर देवाप्पा. मीठ हाताच्या अंदाजानं पडे, आणि बरोबर पडे.

एका उन्हाळ्यात फत्तेसिंग घोरपडे लेकीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आले. देवाप्पाकडं जेवून परतले ते तोंड वाकडं करूनच. "अण्णा, तुमच्या शब्दावर गेलो. वांगं होतं की मिठागर?" साड्या त्यांनी घेतल्या, पण शेजारच्या गादीवरच्या विक्रेत्याकडून.

शब्द हीच कृष्णाजीची इस्टेट. तो तरातरा खाणावळीत गेला, भांडायच्याच तयारीनं. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, इतकं खारट. समोर देवाप्पा हातात पळी घेऊन उभा, भुवईला पीठ लागलेलं.

"कसं झालंय रे?"

भर रस्त्यात पोलिसाशी हुज्जत घालणारा कृष्णाजी. त्याची जीभ उचलेना. "सरी आहे, बरोबर आहे," म्हणाला, पान चाटूनपुसून संपवलं आणि वर तांब्याभर पाणी प्याला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं देवाप्पाकडं माणूस पाठवणं बंद केलं. बेळगावकर विचारत, तो दुसरीकडं बोट दाखवी, आणि मग दिवसभर गिऱ्हाइकांवर उगाच खेकसे. बाक रिकामे पडत चालल्याचं त्याच्या कानावर येत होतं.

एके सकाळी देवाप्पाच दुकानाच्या पायरीशी आला. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. आत ये म्हटलं तरी येईना.

"माणसं का पाठवत नाहीस? माझं काय चुकलं ते तोंडावर सांग."

"मीठ चुकतंय तुझं," कृष्णाजी फाडकन बोलला. "रोज. तुला कळत नाही? तूही तेच खातोस ना?"

देवाप्पा खाली टेकला. "पाडव्यापासून मी मीठच खाल्लं नाही रे. डॉक्टरनं बंद केलंय. ताकभात खातो, अळणी." मग आपल्या तळहाताकडं बघत म्हणाला, "हाताला वाटलं, जमतंय."

कृष्णाजीचा राग पायरीवरच गळून पडला.

"मला आधी चाखू दे."

"देवीच्या आधी? जमणार नाही. खाणावळ बंद करीन."

"तिच्या आधी कोण म्हणतंय? तिला दाखव, मग मला वाढ, मग गिऱ्हाईक. ती आई आहे, लेकराच्या हातचं खारट म्हणणार नाही. मी म्हणीन."

देवाप्पा कितीतरी दिवसांनी हसला.

दुसऱ्या दिवशी, दुकान उघडायच्या आधी, कृष्णाजी चुलीजवळ जाऊन बसला. एक घास घेतला, जीभ टाळ्याला लावून पाहिली. "स्वल्प जास्त." देवाप्पानं दाण्याचं कूट आणि पाणी घालून पुन्हा कढ आणला. दुसरा घास. "आता पाठवतो."

त्या दुपारी कृष्णाजीनं धाडलेली निपाणीची मंडळी भाकरीच्या वासानं त्याच बाकावर जाऊन टेकली.

कृष्णाजीनं उभ्या जन्मात देवळाची पायरी चढली नव्हती. पण त्यानंतर कितीतरी वर्षं, नैवेद्य होईपर्यंत तो टोपी काढून तसबिरीपुढं उभा राही. कुणी चिडवलं की म्हणे, "हात जोडलेत का मी? माझा नंबर दुसरा आहे, रांगेत उभा आहे."