बोदलकसा: एडिथच्या आयाचं गाव

एका वाक्यावर माझं भाषांतर आठवडाभर अडून बसलं, तेव्हा मी सरळ तिरोड्याचं तिकीट काढलं.

एडिथ म्हणजे मी जिच्या आठवणी मराठीत आणतेय ती इंग्रज लेखिका. बाप जंगलखात्यात साहेब, म्हणून स्वातंत्र्याआधी तिचं लहानपण बोदलकशाच्या तलावाजवळ, फुलाबाई नावाच्या आयाच्या कडेवर गेलं. शाळेसाठी तिला विलायतेला धाडलं, त्या सकाळबद्दल ती लिहिते, 'बैलगाडी वळणापर्यंत गेली, तरी फुलानं मला एकदाही हाक मारली नाही. मी तिची कुणीच नव्हते.' माझं भाषांतर अडलं ते इथंच. पुढं तिच्या प्रत्येक गोष्टीत एक बाई अशीच गप्प उभी असते. मला तर या फुलाबाईचा रागच आला होता.

नागपूरहून रेल्वेनं तिरोडा, पुढं बोदलकशाला रिक्षा. भाडं आधीच ठरवा आणि शक्यतो हिवाळ्यात जा. मी साहेबाच्या बंगल्याचं विचारलं, तर रिक्षावाला म्हणाला, "बंगला तो कब का गया मॅडम, पर उस आया की नातिन है गाँव में."

ही नात म्हणजे शेवंताबाई, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी तलावातल्या मासोळ्यांचा झणझणीत रस्सा आणि भात वाढला. मग विचारलं, "काय लिवलं जी तिनं आमच्या बुढीबद्दल?"

मी आणखी भात मागितला. त्यांच्याच घरात बसून ते वाक्य सांगणं जिवावर आलं.

निरोप घेऊन वळणावरच्या रिक्षाकडे चालत निघाले, तर शेवंताबाई बांधावरून धापा टाकत येऊन माझ्या पुढ्यात उभ्या. हातात माझा विसरलेला चष्मा.

"अहो, हाक मारायची ना!"

"मांगून आवाज कायले देऊ? लांब जाऊन राहिले तुमी. जानाऱ्याले मांगून आवाज देत नाही."

हे मलाही ठाऊक होतं. माझ्या आईचाही हाच दंडक. पण पुस्तकातल्या आयाकडे मी साहेबाच्या पोरीच्याच नजरेनं बघत होते. मग तिथंच, रस्त्यात, मी त्यांना ते वाक्य सांगितलं.

शेवंताबाईंनी चष्मा माझ्या हातात ठेवला. "साता समुद्रापलीकडे धाडली पोरगी. बुढी कशी आवाज देईन?" मग म्हणाल्या, "सुखरूप पोचली ना ते?"

"पोचली."

"मंग झालं."

नाशिकला परतल्यावर ते वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं. एडिथचं दुःख काही खोटं नव्हतं. खाली दोन ओळींची टीप तेवढी दिली. वाईट एवढंच वाटतं, की ती टीप जिच्यासाठी लिहिली, ती एडिथच आता वाचायला हयात नाही.