मोरीचं दार

बाबा पडले त्या दिवशी मी बेलापूरला ऑफिसात होते. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. आमच्या सेक्शनला एकच फोन होता, तोही साहेबांच्या टेबलावर, आणि कोणाच्या घरून फोन आला की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या. पलीकडून चाची बोलत होत्या. चाची म्हणजे पनवेलला बाबांच्या शेजारी राहणाऱ्या. मुलगा कुवेतला असल्यामुळे गल्लीतला पहिला फोन त्यांच्याकडे आला होता.

"बेटी, घाबरू नको," त्या म्हणाल्या. "काका मोरीत पडलेत. बोलतात माझ्याशी. पन दार उघडत नाय."

"आतून कडी आहे का?"

"कडी काढली त्यांनी कशीबशी. पन ते दारालाच टेकून पडलेत. दार आत उघडतं ना. ढकललं की त्यांना लागतं."

साहेबांनी मी काही बोलायच्या आत हातानेच 'जा' म्हणून सांगितलं. बाहेर आले तर कळंबोलीपर्यंत न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर रांग लावून उभे. रिक्षावाला मधूनमधून इंजिन बंद करत होता. ते बंद झालं की माझ्या डोक्यात नाही नाही ते विचार सुरू व्हायचे. खुबा मोडला असेल. डोक्याला लागलं असेल. आता बोलत होते, पण पोचेपर्यंत बोलत असतील का.

बाबा एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. पेण, उरण, अलिबागच्या गाड्या लाउडस्पीकरवरून पुकारण्यात त्यांची नोकरी गेली. आई गेल्यावर ते जुन्या पनवेलातल्या त्या बैठ्या घरात एकटेच राहत होते. दोन खोल्या आणि मागे मोरी. मी रेल्वेलाइनच्या पलीकडे, नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर, आणि भाऊ पुण्याला. बाबा स्वतःचा चहा, वरणभात स्वतः करायचे. पोळ्या मी एक दिवसाआड पोचवायचे.

घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आत गेले तर बाबा खाटेवर उशीला टेकून बसलेले, अंगात चाचींच्या यजमानांची कोरडी लुंगी, हातात बशी, आणि बशीतून ते फुर्र करून चहा पीत होते. मोरीचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. गल्लीतल्या दोघा जणांनी बिजागऱ्या काढून ते सबंध दारच उचललं होतं.

"आलीस?" बाबा म्हणाले. "ऑफिस सोडून कशाला आलीस?"

मी खाली जमिनीवरच बसले. तेव्हा मला रडू आलं, आणि त्या रडण्याची लाजही वाटली नाही.

चाचींना कळलं ते पेपरमुळे. रोज सकाळी बाबा पेपर वाचून झाला की त्यांच्या यजमानांना नेऊन द्यायचे. त्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी पेपर उंबऱ्यावर तसाच पडलेला, आणि आत रेडिओ चालू. त्यांनी हाक मारली, मागच्या बाजूने जाऊन पाहिलं, तेव्हा मोरीतून बाबांचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही हाक का नाही मारलीत?" मी विचारलं. "तुमचा आवाज तर स्टँडच्या बाहेर ऐकू जायचा."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "अंगावर कपडा नव्हता गं. कोणाला हाक मारू?"

हे ऐकून चाची पदर सावरत स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच भांडी वाजवत राहिल्या.

एक्स-रेत हाड मोडलेलं निघालं नाही. मनगट मुरगळलं होतं आणि मांडी काळीनिळी झाली होती. भावाशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, आता त्यांना एकटं ठेवायचं नाही. माझे यजमान संध्याकाळी टेम्पो घेऊन आले, आणि बाबांची ट्रंक, रेडिओ, औषधांची पिशवी असं सगळं आमच्याकडे आलं. बाबा एका शब्दानेही नाही म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांनी भांडायला हवं होतं असं मला वाटत होतं.

आमच्या घरी ते आले आणि दिवसेंदिवस लहान होत गेले. सकाळी उठले की कपाटाला धरून उभे राहायचे, डोळे मिटून. मग भिंतीला हात लावत लावत बाथरूमकडे जायचे. जेवण कमी झालं. रेडिओ ट्रंकेवर तसाच पडून. दुपारी मी ऑफिसात असताना ते काय करतात, हा प्रश्न मला दिवसभर कुरतडायचा. खाली फिरून या म्हटलं तर जायचे, पण लगेच परत यायचे.

एकदा मात्र लवकर परत आले नाहीत. मी कामावरून आले तर घराला कुलूप. थोड्या वेळाने मागच्या बिल्डिंगमधल्या एक बाई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. बाबा त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर चढून त्यांची बेल वाजवत होते. दार उघडल्यावर आत जाऊन सोफ्यावर बसले आणि पाणी मागितलं. त्या बाई चांगल्या होत्या. पाणी दिलं आणि मग हळूच विचारलं, आजोबा, तुम्ही कोणाकडे आलात?

"सगळ्या बिल्डिंगा एकसारख्या," बाबा मला म्हणाले. "रंगसुद्धा एकच. जिना चढलो, डोकं गरगरलं, आणि समोर दिसलं ते दार वाजवलं."

ते हसत म्हणाले, पण मी हसले नाही. भावाला फोन केला. तो म्हणाला, वय झालं, आता हे असंच चालणार, विसरायला लागतील. मलाही तेच वाटत होतं, फक्त मी ते मोठ्याने म्हणत नव्हते. रात्री जेवताना मी त्यांच्याकडे चोरून बघायचे. नावं आठवतात का, वार बरोबर सांगतात का.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना जुन्या पनवेलच्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. आईचं शेवटचं दुखणं त्यांनीच पाहिलं होतं. त्यांनी बाबांना टेबलावर झोपवून ब्लडप्रेशर घेतलं. मग उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा घेतलं. पुन्हा बघितलं. मग मला म्हणाले, "ह्यांची औषधं कुठे आहेत?"

"घरी. चिठ्ठी आणलीय ना मी."

"चिठ्ठी नको. जे काही गिळतात ते सगळं घेऊन या. आत्ता जा, मी थांबतो."

रिक्षाने जाऊन मी ती कापडी पिशवी घेऊन आले. डॉक्टरांनी ती टेबलावर उलटी केली. गोळ्यांच्या पट्ट्या, चूर्णाची डबी, मलम, होमिओपॅथीच्या बाटल्या, कधीकाळच्या खोकल्याच्या गोळ्या. त्यातल्या दोन पट्ट्या त्यांनी उचलल्या आणि उजेडाकडे धरल्या.

"काका, ही मी दिलेली. आणि ही कोणी दिली?"

"पुण्याला. मुलाने मोठ्या डॉक्टरांना दाखवलं होतं ना."

"त्यांना सांगितलंत का, माझी चालू आहे म्हणून?"

"त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, दोन डॉक्टरांनी दिल्या आहेत म्हणजे दोन्ही घ्यायच्या."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "नावं वेगळी आहेत, कंपन्या वेगळ्या आहेत, आतलं औषध एकच. हे दुप्पट डोस घेतायत. उभं राहिलं की प्रेशर खाली जातं. ह्यांना चक्कर येणार नाही तर काय होणार?"

"म्हणजे विसरण्याचं...?"

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "काका, सकाळची पहिली अलिबाग गाडी कितीला सुटायची?"

बाबांनी वेळ सांगितली. मग न विचारता दुसरी सांगितली, तिसरी सांगितली, पोयनाडला ती कुठल्या गाडीला क्रॉस व्हायची ते सांगितलं. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय," ते म्हणाले. एक पट्टी त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि खणाला चावी लावली. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. छातीवरून कोणीतरी मोठं ओझं उचलून बाजूला ठेवावं तसं झालं होतं. बाबांनी मला विचारलं, "तुला बरं वाटत नाहीये का?"

काही दिवसांतच ते कपाट न धरता उभे राहायला लागले. जेवण वाढलं. एका सकाळी मी स्वयंपाकघरात होते तर बाहेरच्या खोलीत रेडिओ लागला. त्याच दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "आता मी घरी जातो."

"बाबा, मग हे कोणाचं घर आहे?"

"तुझं आहे. चांगलं आहे. पण इथे मला कोणी ओळखत नाही. तिकडे मी चुकलो तर दहा जण घरी आणून सोडतील. मुळात चुकणारच नाही." मग म्हणाले, "तुझ्या काय अटी असतील त्या घाल."

माझे यजमान म्हणाले, "जाऊ दे त्यांना. पण आधी ती मोरी बघू."

मग आम्ही त्या घराच्या मागे लागलो. सुताराला बोलावून मोरीचं दार फिरवून घेतलं, आता ते बाहेर उघडायचं. आतली कडी काढायची ठरवली तेव्हा मात्र बाबा अडून बसले. "मोरीला कडी नाही? म्हणजे मी काय अंगणात आंघोळ करू?" त्यावर दोन दिवस अबोला झाला. शेवटी चाचींनीच तोड काढली. कडी नको, दारावर बाहेरून पंचा टाकलेला असला की आत काका आहेत, कोणी पुढे यायचं नाही. गल्लीत ह्याची सगळ्यांना वर्दी दिली गेली. नळाच्या पाइपाचा एक तुकडा भिंतीत आडवा पक्का केला, धरून उठायला. खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेतलं स्टूल, गुंडाळलेली गादी, सगळं हललं.

उरली होती फरशी. वापरून वापरून ती शेवाळासारखी निसरडी झाली होती. नवीन बसवायची तर सगळी मोरी उखडावी लागणार. तेवढ्यात गल्लीत पाट्याला टाकी लावणारी बाई आली. चाची तिला घेऊन थेट मोरीत आल्या.

"ह्याला टाकी लाव," त्या म्हणाल्या.

बाईने फरशीवरून हात फिरवला. "ताई, हितं काय चटणी वाटायची हाय?"

सगळे हसलो. बाबासुद्धा हसले. पण तिने छिन्नी-हातोडी काढली आणि दुपारपर्यंत टक् टक् करत सगळी फरशी खडबडीत करून दिली. संध्याकाळी मी पाणी ओतून त्यावर अनवाणी चालून पाहिलं. पाय जरासुद्धा सरकत नव्हता.

शेवटची अट सकाळच्या खबरीची. मी म्हटलं, उठल्यावर चाचींना कळलं पाहिजे. चाची म्हणाल्या, मीच येऊन बघेन. बाबांना ते पटेना, बाईमाणसाने रोज येऊन आपल्याला तपासायचं म्हणजे काय. ते विचार करत बसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सुरू झाले. आंघोळ आटोपली की खिडकीत उभं राहून, स्टँडवरच्या त्याच आवाजात पुकारायचे, "भाभी, पनवेलची पहिली गाडी वेळेवर सुटली आहे."

आणि पलीकडून चाची ओरडायच्या, "सुटू दे, सुटू दे."

पहिले काही दिवस गल्लीतली माणसं दारात येऊन बघायची. मग त्यांना सवय झाली. शाळेत जाणारी पोरं त्या आवाजावर दप्तरं उचलायला लागली.

एकदाच गाडी सुटली नाही. चाचींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि धावत आल्या. दारावर पंचा नव्हता. बाबा खिडकीतच उभे होते, दोन्ही हात हलवत. सर्दीने घसा पार बसला होता आणि तोंडातून नुसती हवा निघत होती. चाचींनी मला फोन केला तो ही गंमत सांगायला. साहेबांच्या टेबलापाशी उभं राहून मी इतकी हसले की सेक्शनमधल्या माना वर झाल्या त्या खाली जाईनात.

त्यानंतर बाबा कितीतरी वर्षं त्याच घरात राहिले. आजारी पडले, बरे झाले, एकदा मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं, पण पुन्हा पडले नाहीत. रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. पोटभर जेवायचे, थोडं लवंडायचे, आणि चार वाजायला आले की चपला शोधायला लागायचे. "निघतो आता," म्हणायचे. "घरी कामं आहेत." माझे यजमान स्कूटर काढायचे. मी गॅलरीतून बघायचे. बाबा मागे बसून एक हात यजमानांच्या खांद्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने पोळ्यांचा डबा मांडीवर घट्ट धरायचे. स्कूटर वळली की मी आत येऊन दुपारचा चहा ठेवायचे, एकटीपुरता, आणि निवांत बसून प्यायचे.